ससिकरक्षण लीळा आणि जिव्हालौल्य

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची ससिकरक्षणाची लीळा उपदेशी जनांस परिचित आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या जानूखाली आश्रयास आला. पारध्यांनी मागूनही स्वामींनी तो दिला नाही. या लीळेतील एक पद निरूपणात बहुधा निसटते: तो ससा होडेचा होता. पारध्यांनी त्याच्यावर पैज लावली होती. त्याच्या मरणाची निकड भुकेने नव्हे, खेळाने आणली होती.

हा भेद मालवणच्या किनाऱ्यावर ताडून पाहावा. तेथील जांभ्याच्या जमिनीत मुख्यतः पावसाळी भात होतो; गाबीत कुटुंबांचा निर्वाह पिढ्यान्‌पिढ्या रापणीवर चालत आला. निर्वाहाचे कारण सांगितल्याने हिंसेची अहिंसा होत नाही. रापणीत तडफडणारा जीव हा जीवच. परंतु मासेमाराकडे बोट दाखवून मोकळे होणाऱ्याने आधी स्वतःचे ताट पाहावे.

मुंबई-पुण्याहून येणारा प्रवासी उपाशी म्हणून मालवणास येत नाही. भात, काळ्या वाटाण्याची आमटी, कुळथाची पिठी, सोलकढी असताना त्यास सुरमई हवी असते, आणि गाभोळी मिळाली तर आनंद दुणावतो. गाभोळी म्हणजे मादीच्या पोटातील अंडी. त्या एका घासात होऊ घातलेले किती जीव गेले, याची गणती खाणारा करीत नाही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण तो अनेक माशांच्या विणीचा काळ. शासनाचा हेतू मासळी टिकावी हा आहे, दया हा नव्हे. तरी तेवढे दिवस जाळे आवरते. जीभ मात्र तेव्हाही बर्फातली मासळी शोधते.

येथे कोणी म्हणेल, ‘आम्ही मारीत नाही, मेलेले विकत घेतो.’ पण गिऱ्हाईक येणार म्हणूनच पहाटेचे जाळे पडते. करणारा, करविणारा आणि अनुमोदन देणारा हे तिघेही कर्माचे भागीदार आहेत, आणि पैसे मोजणारा यांपैकी दुसरा होय.

याच किनाऱ्यावर अनेक मत्स्याहारी घरी श्रावणात मासळी शिजत नाही, आणि त्या महिन्यात कोणाचे काही अडत नाही. रुची आणि गरज यांतील अंतर त्या घरांना ठाऊक आहे. मासेमाराच्या घरचा प्रश्न याहून बिकट आहे. त्यास त्याच श्रावणात, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पून, होडी पाण्यात लोटावी लागते. त्याचा विचार स्वतंत्रपणे, आणि अधिक करुणेने, करावयास हवा.