हिरवं पाणी, उपाशी डॅफ्निया



अन्नसाखळी शिकवताना आपण फळ्यावर शैवाल, प्राणिप्लवक, मासा असे बाण काढून मोकळे होतो. मग मुलं गणित मांडतात: तळं जितकं हिरवं, तितके मासे जास्त. तळ्यात हे गणित जुळतंच असं नाही.

गोड्या पाण्यातला डॅफ्निया घ्या. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, पाणी गाळून खाणारा जीव. घासातलं निवडून टाकणं त्याला फारसं जमत नाही. त्याच्या शरीरात फॉस्फरसच्या एका अणूमागे कार्बनचे साधारण 80 अणू असतात. शैवालात मात्र हा आकडा 100 पासून पार 1000 च्या वरही जातो. ऊन भरपूर आणि पाण्यात फॉस्फरस कमी असेल, तर शैवाल कार्बन साठवत राहतं. प्रमाण 300 च्या आसपास गेलं की डॅफ्नियाची वाढ मंदावते. रोज पोटभर साबुदाणाच खाल्ला तर मुलाचं काय होईल, तसंच हे! वाढीसाठी पेशींत प्रथिनं बनवावी लागतात, ती बनवणाऱ्या रायबोझोमना फॉस्फरस हवा, आणि तोच कमी पडतो. उराबे आणि स्टर्नर या शास्त्रज्ञांनी 1996 साली हेच दाखवलं: उजेड वाढला, शैवाल वाढलं, पण एका मर्यादेनंतर डॅफ्नियाची वाढ घसरली.

मग फॉस्फरस ओतला की झालं? नाही ना! सांडपाण्यातून तो भरपूर येतो, पण तिथे बहुतेक वेळा नील-हरित शैवाल माजतं. त्यात स्टेरॉल जवळजवळ नसतं, आणि डॅफ्नियाला ते स्वतः बनवता येत नाही. कात टाकायला मात्र लागतं. ईपीए हे मेदाम्लही त्यात नसतं. डायटममध्ये ते भरपूर, म्हणून डायटम हा उत्तम खुराक. तळ्यात सोडलेल्या मत्स्यबीजाचं पोट याच प्राणिप्लवकांवर भरतं, हे मुलांना जरूर सांगा.

वर्गात करून बघायचं तर तळ्याचं पाणी आणा आणि भिंग द्या. डॅफ्निया पारदर्शक असतो, त्यामुळे हिरवं भरलेलं आतडं दिसतं. तेवढ्यावर थांबू नका. पाठीकडच्या पिशवीत अंडी किती आहेत ते मुलांना मोजायला लावा, आणि आठवड्याने पुन्हा मोजा. आतडं हिरवं, पण पिशवी रिकामी, असे डॅफ्निया हमखास सापडतात.