ब्रेक पेडलचा स्वीच : घरच्या घरी जुळवणी

गांधीबागेतील घाऊक कापड व्यापाऱ्यांची भिवंडीला ये-जा जुनी आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता मिळाला. या रस्त्यावर आपले अनेक बांधव क्रूझ कंट्रोल लावतात. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गाडी ठरवलेला वेग राखते. ब्रेकला पाय लागताच हा वेग सुटला पाहिजे. ते काम एका लहान स्वीचकडे असते, म्हणून त्याची माहिती येथे देत आहोत.

हा स्वीच ब्रेक पेडलच्या वरच्या बाजूला पट्टीत बसवलेला असतो. पेडल मोकळे असताना त्याचा प्लंजर आत दाबलेला राहतो. पाय पडला की प्लंजर बाहेर येतो, मागचे लाल दिवे लागतात आणि क्रूझ सुटते. एकाच स्वीचची ही दोन कामे असल्याने तो बिघडला की मागच्या वाहनाला इशारा मिळत नाही आणि आपली गाडीही आवरायला उशीर होतो. गाडीत लोकांचा माल असेल तर तो अमानत आहे, हेही ध्यानात ठेवावे.

लाल दिवे सतत जळत असतील, बॅटरी उतरत असेल आणि क्रूझ लागतच नसेल, तर स्वीच पेडलपासून दूर गेला आहे. उलट पेडल बरेच दाबल्यावर दिवे लागत असतील, तर तो फार जवळ आहे. पुष्कळदा दोष स्वीचचा नसतोच. पेडलच्या पट्टीवरची प्लास्टिकची छोटी गुंडी तुटून पडते आणि प्लंजर छिद्रातून आरपार जातो. गुंडी मामुली किमतीची. मात्र काही ठिकाणी क्रूझचे सगळे युनिटच बदलायला सांगतात. आधी खाली वाकून पाहावे.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चावी काढावी. कपलर आधी काढावा, नाहीतर स्वीच फिरवताना वायरी पिळतात. चेकनट सैल करून स्वीच पेडलच्या टेकूला लागेपर्यंत हलकेच फिरवावा, मग साधारण १ मिलिमीटर मागे घ्यावा. नेमके माप गाडीच्या पुस्तकात असते, तेच प्रमाण. स्वीच पेडलला दाबून ठेवेल इतका आत गेला तर ब्रेक पूर्ण सुटत नाहीत आणि चाके तापतात. चेकनट आवळताना स्वीच फिरू देऊ नये. आटे नसलेले, खाचेत बसणारे स्वीचही असतात. त्यांतले काही एकदाच बसतात. त्यांवर जोर करू नये, नवाच घ्यावा.

संध्याकाळी दुकानाच्या शटरकडे पाठ करून गाडी लावावी आणि पेडलला जरासा पाय लावावा. लाल उजेड शटरवर लगेच दिसला पाहिजे. पाय काढताच तो गेला पाहिजे. नंतर रिकाम्या सरळ रस्त्यावर ५० च्या वेगाने क्रूझ लावून ब्रेक हलका दाबावा. क्रूझ तत्क्षणी सुटली नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत ती लावू नये. गिअरच्या गाडीत क्लच पेडललाही बहुधा असाच स्वीच असतो, तोही तपासावा.

पेडल पायाखाली हळूहळू खाली जात असेल तर मात्र हा स्वीचचा दोष नव्हे. ती गाडी न चालवता मिस्त्रीलाच बोलवावे.