बी साठवणारी मुंगी

मुंगी म्हटली की आपल्याला गुळाचा डबा आठवतो. पण गुळाला लागतो तो मुंगळा. मी लिहिणार आहे ती मुंगी वेगळी. ती गवताचं बी, नाचणीचे दाणे गोळा करून जमिनीखाली साठवते.

ती ओळखायला सोपी आहे. तिच्या बिळाच्या तोंडाशी फोलपटांचं गोल कडं असतं. दाणा आत न्यायचा, सोलायचा आणि फोलपट बाहेर टाकायचं, अशी तिची रीत. आमच्या खळ्याच्या कडेला असं बीळ आहे. भिंगातून पाहिलं तर बऱ्याच मुंग्या बारीक आणि थोड्या मोठ्या डोक्याच्या दिसल्या. गुरुजी म्हणाले, त्या डोक्यात जबड्याचे स्नायू असतात. कठीण बी फोडायचं काम त्यांचं. म्हणजे जातं डोक्यातच!

कोरड्या मुलखात या मुंग्यांचं फार चालतं. राजस्थानच्या थर वाळवंटात पावसाचा भरवसा नाही. पडला की गवत उगवतं, बी टाकतं आणि वाळून जातं. मग खायला उरतं ते बीच. आपल्या भोर-वेल्ह्याकडे पाऊस धो धो पडतो खरा, पण दिवाळीनंतर माळ वाळतो तो जूनपर्यंत. मुंगीच्या लेखी ते वाळवंटच की!

आणि गंमत म्हणजे यांची साठवण आपल्या पुण्यातच टिपून ठेवलेली आहे. 1829 साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला तिथे पावसानंतर मोकळ्या जमिनीवर गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले. भिजलेलं बी मुंग्यांनी उन्हात वाळत घातलं होतं, आपली आई डाळ घालते तसं. युरोपातल्या काही विद्वानांना तेव्हा मुंग्या धान्य साठवतात हे पटत नव्हतं, कारण तिकडच्या थंड भागातल्या मुंग्या साठवत नाहीत. साइक्सने 1835 मध्ये या मुंगीला नाव दिलं ‘प्रोव्हिडेन्स’, म्हणजे पुढचं पाहणारी.

सगळंच बी काही ती खात नाही. काही वाटेत सांडतं, काही कचऱ्यात जातं, आणि पावसाळ्यात तिथे रुजतं. बिळं खोदल्यामुळे माती भुसभुशीत होऊन पाणी मुरतं. कचऱ्याचं खत होतं. शिवाय ज्या गवताचं बी भरपूर, ते ती जास्त नेते, म्हणून एकाच गवताला सगळा माळ बळकावता येत नाही.

हे सगळं मी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, “नाचणी झोडायची आम्ही, आन् फुकट न्यायची यांनी?” त्यांनी मुंग्यांची पावडर आणली होती. त्यांचंही खोटं नाही. झोडणीच्या दिवसांत रांग खळ्याकडेच असते, आणि राबात पेरलेलं बीसुद्धा मुंग्या उचलतात. पण एरवी मी पाहिलं तर रांग माळाकडून येते, तोंडात गवताचं बी घेऊन. आणि खळ्यावर आमच्या कोंबड्या टिपत असतात, तिथे विषारी पावडर कशी टाकायची? हे आजीला पटलं. पालकांनीही आपापल्या खळ्यावर एकदा रांग बघावी, असं मला वाटतं.

सध्या पुडी वर कोनाड्यात आहे. जूनमध्ये राब पेरल्यावर बघू, असं आजोबा म्हणतात.