विमा पंप देत नाही, पण बाकीचं सोडू नकोस

अगं, परवा सगळ्यांसमोर विचारलंस, "ताई, अमेरिकेतल्या मैत्रिणीला ब्रेस्ट पंप विम्यातून फुकट मिळाला, मला मिळेल का?" तेव्हा घरात पाहुणे होते, मोकळं बोलता आलं नाही. आज निवांत बसून सांगते. पहिली जचकी आहे तुझी, आणि पैशाचं बोलायला आपल्याकडे बायका लाजतात. तू लाजू नकोस. आत्ता पाचव्या महिन्यातच हे सगळं कळलेलं बरं.

तुझी मैत्रीण खरंच सांगते. अमेरिकेत 2010 साली आरोग्यविम्याचा मोठा कायदा झाला आणि ऑगस्ट 2012 पासून तिथल्या बहुतेक विमा योजनांना स्तनपानासाठी मदत, सल्ला आणि पंप हे सगळं वेगळे पैसे न घेता देणं भाग पडलं. आपल्याकडे तसा कायदा नाही. वर्ध्यातच काय, मुंबई-पुण्यातही पॉलिसी दाखवून दुकानातून पंप आणता येत नाही.

आपल्या पॉलिसीत काय असतं ते ऐक. स्वतः विकत घेतलेल्या साध्या आरोग्यविम्यात बाळंतपणाचा खर्च बहुतेक वेळा वगळलेलाच असतो. जास्तीचा हप्ता भरून तो घेता येतो, पण त्याला थांबायचा काळ असतो, कुठे 9 महिने तर कुठे काही वर्षं. म्हणजे दिवस गेल्यावर पॉलिसी काढून या बाळंतपणाला उपयोग नाही. कोणी एजंट "आज काढा, डिलिव्हरीला वापरा" म्हणाला तर थांबण्याचा काळ किती ते कागदावर दाखवायला सांग. शिवाय विमा नियामक प्राधिकरणाची एक यादी आहे, ज्या वस्तूंचे पैसे विमा सहसा देत नाही त्यांची. तिच्यात पहिल्याच दोन ओळी बाळाच्या आहाराच्या आणि बाळाच्या सामानाच्या आहेत. पुढे सॅनिटरी पॅड आहेत, डायपर आहेत. दवाखान्याच्या बिलात या गोष्टी लागल्या की क्लेममधून त्या वजा होतात आणि डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांना रोख भरावे लागतात. घरी वापरायचा पंप तर याच्याही पलीकडचा.

विमा बाळंतपणाशी असा का वागतो, याचं उत्तर आपल्या सेवाग्रामातच सापडतं. 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा गेल्या. त्यानंतर डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला बायका-मुलांसाठी दवाखाना उभा केला, तेच आजचं कस्तुरबा रुग्णालय. 1969 मध्ये तिथेच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आली. पुढे 1980 च्या दशकात डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत ज्वारीचा आरोग्यविमा चालवला. सुगीला प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जमीन असलेल्याने जास्त, मजुराने कमी. त्या बदल्यात गावात औषधोपचार आणि अचानक आजारपण आलं तर सेवाग्रामला उपचार. पण साधं बाळंतपण, मोतीबिंदू, हर्निया अशा आधी ठाऊक असलेल्या खर्चाला पूर्ण माफी नव्हती, बिलात सवलत होती. येणार हे माहीत आहे, त्याची तजवीज घराने थोडी आधी करावी, असा त्यामागचा विचार.

गावाने पायलीपायलीने जमवलेल्या कोठारासाठी तो विचार मला पटतो. मोठ्या विमा कंपन्यांनी तोच धरून बसावं हे मात्र पटत नाही. सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ नवजात अतिदक्षता कक्षात आहे, त्याला चोखता येत नाही, अशा आईला पंप ही काही हौस नाही. तिचं दूध त्या बाळाचं औषध आहे. सलाईनचे पैसे मिळतात तसे त्या पंपाचेही मिळायला हवेत. ते होईल तेव्हा होईल. तोवर जे आपल्या हक्काचं आहे ते एकही सोडायचं नाही, एवढंच मला तुला सांगायचं आहे. आपल्याकडे बाळंतपणाचा पैसा एका जागी मिळत नाही, तीन ठिकाणी विखुरलेला आहे आणि वेळेत नाव घालणारीलाच मिळतो.

पहिलं ठिकाण नवऱ्याची कंपनी. तो बुटीबोरीला जातो ना, तिथे कर्मचाऱ्यांची सामूहिक पॉलिसी असेल. अशा पॉलिसीत बाळंतपण बरेचदा पहिल्या दिवसापासून धरलेलं असतं, पण रकमेला मर्यादा असते. त्याला एचआरकडून सगळं ईमेलवर लिहून घ्यायला सांग. साध्या बाळंतपणाला किती आणि सिझेरियनला किती? आधीच्या तपासण्या, सोनोग्राफी धरल्या आहेत का? वर्ध्यात, सावंगीत, नागपुरात कॅशलेस कुठे आहे? बाळ पहिल्या दिवसापासून विम्यात येतं की तीन महिन्यांनी? किरकोळ सामानासाठी वेगळं संरक्षण घेतलंय का? यातला बाळाचा प्रश्न सगळ्यात मोठा. बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर तिथलं बिल बाळंतपणाच्या बिलाला मागे टाकतं. म्हणून जन्म झाला की त्याच आठवड्यात बाळाचं नाव पॉलिसीत घालायचं, बारशाची वाट पाहायची नाही. आईच्या नावाचं बाळ म्हणूनही नोंद होते.

दुसरं ठिकाण सरकारी योजना. आशाताईकडे नाव घातलंस का? बारा आठवड्यांच्या आत घालायला हवं होतं, राहिलं असेल तर उद्याच जा. माता-बाल संरक्षण कार्ड हातात आलं की पुढचं सगळं त्यावर चालतं. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. जचकी खाजगीत करायची असली तरी तिथे जाऊन ये, कार्डावर नोंद होते.

मग मातृवंदना योजना. पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत येतात. नोंदणी आणि गरोदरपणातली तपासणी वेळेत झाली की 3,000, बाळाच्या जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की 2,000. दुसरं बाळ मुलगी असेल तर 6,000 एकदम. पहिल्या बाळासाठी शेवटच्या पाळीपासून 570 दिवसांच्या आत अर्ज गेला पाहिजे. जचकी सरकारी दवाखान्यातच व्हायला हवी अशी अट नाही. वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आतलं घर, अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, जॉबकार्ड, ई-श्रम कार्ड, शेतकरी सन्मान निधी, यातलं एक जरी लागू असलं तरी चालतं. सरकारी नोकरीतल्या बाईला किंवा पगारी प्रसूती रजा मिळणारीला मात्र ही रक्कम नाही. पैसे तुझ्याच आधार जोडलेल्या खात्यात येतात. तुझ्या आधारवर अजून माहेरचं नाव आहे आणि बँकेत सासरचं, हे मला ठाऊक आहे. आधी ते जुळव. अशाच क्षुल्लक फरकाने किती जणींचे पैसे अडकून पडतात. नवऱ्याचं आधार मात्र आता सक्तीचं नाही, म्हणून एकट्या पडलेल्या बाईलाही अर्ज करता येतो. तुझ्या ओळखीत तशी कोणी असेल तर तिला हे आवर्जून सांग.

सरकारी दवाखान्यात जचकी झाली तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात काहीच पैसे लागायला नकोत. 2011 पासूनची ही योजना आहे. जचकी, सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या, साध्या जचकीला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण, घरून नेणं आणि परत सोडणं, सगळं मोफत. गाडीसाठी 102 ला फोन करायचा. आजारी बाळावरही मोफत उपचार होतात. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या बायकांना जननी सुरक्षा योजनेचे वेगळे पैसे आहेत, गावात 700 आणि शहरात 600. सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालयं संस्थांची आहेत, तिथे कोणती योजना लागू होते ते कळा यायच्या आधी जाऊन विचार. बाळाला किंवा तुला जास्त दिवस ठेवायची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र दवाखान्यात बसलेला असतो, त्याला पहिल्याच दिवशी भेटायचं. घरी जायच्या दिवशी विचारून फायदा नाही.

आणि हो, सामानाचं. आपल्याकडे माहेरून बाळंतविडा येतो, झबली, टोपडी, दुपटी, लंगोट. तसंच राज्य सरकारनेही 2019 पासून बेबी केअर किट सुरू केलं. अंगणवाडीत नाव असलेल्या आणि सरकारी दवाखान्यात पहिली जचकी झालेल्या आईसाठी सुमारे 2,000 रुपयांचं सामान त्यात धरलेलं आहे, कपडे, टॉवेल, मच्छरदाणी, थर्मामीटर, तेल असं. साठा आहे का ते अंगणवाडीताईला आधीच विचारून ठेव. तुझी जाऊ बांधकामावर जाते, तिची कामगार मंडळात नोंद जिवंत असेल तर साध्या जचकीला 15,000 आणि सिझेरियनला 20,000 रुपये मिळतात, दोन बाळंतपणांपर्यंत. तिला सांगशीलच.

तिसरं ठिकाण तुझी स्वतःची नोकरी. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी वर्षभरात 80 दिवस काम केलं असेल तर 26 आठवडे पगारी रजा, 2017 पासून. पगारातून ईएसआय कापत असतील तर तोच पैसा ईएसआयकडून येतो. हिंगणघाटच्या गिरणीत किंवा देवळीच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या पोरींना हे पक्कं सांगायला हवं, कारण पगारपत्रक कोणी बघतच नाही. रजेवरून परत आल्यावर बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी वेगळी सुटी आहे. बाळ घरी असेल तर त्या वेळात दूध काढायला दार लागणारी खोली माग. हे मागताना मान खाली घालू नकोस.

आता पंप. खरं सांगू? बाळ जवळ असेल आणि नीट ओढत असेल तर पहिल्या महिन्यांत तो लागतच नाही. आधीच घेऊन ठेवू नकोस. बाळ अतिदक्षतेत असेल, नीट चोखत नसेल, किंवा तू कामावर परत जाणार असशील, तेव्हा घे. हाताने चालणारा काही शे रुपयांत मिळतो, विजेचा काही हजारांचा. रबरी फुग्याचा जुना प्रकार घेऊ नकोस, फुग्यात दूध जातं आणि तो आतून धुता येत नाही. दुसरीचा वापरलेला घरगुती पंपही नको. दवाखान्यात असताना नर्सबाईला विचार, वॉर्डात पंप असला तर वापरायला मिळतो.

पण त्याआधी हाताने दूध काढायला शीक, त्याला पैसा लागत नाही. हात स्वच्छ धुवायचे, अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या कडेला ठेवायची, आधी छातीकडे दाबायचं आणि मग एकमेकांकडे. कातडीवर बोटं घासायची नाहीत. पहिल्या दिवसांत चिकाचे चार थेंब येतील, तेवढेच त्या बाळाला पुरतात. ते चमच्याने किंवा उकळलेल्या वाटीने द्यायचे, बाटली नको. आजीचं बोंडलं काढलंस तर तेही उकळूनच वापर. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, म्हणून काढलेलं दूध ओट्यावर ठेवायचं नाही, लगेच पाजायचं नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवायचं. छाती दगडासारखी झाली, लाल होऊन ताप आला तर पाजणं थांबवू नकोस आणि दवाखान्यातही उशीर करू नकोस. घरी आल्यावर आशाताई 42 दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी येते. तिला चहा देऊन परत पाठवू नकोस, बाळाला पाजताना दाखव.

दूध खूप येत असेल आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात मातृदुग्धपेढी असेल तर देऊन टाक. आशियातली पहिली पेढी मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये सुरू केली. तुझ्या दुधावर दुसरीचं कमी वजनाचं बाळ जगू शकतं.

या रविवारी एक फाइल कर. त्यात आधार, पासबुक, कार्ड, रेशनकार्ड, पॉलिसीची प्रत आणि सगळ्या सोनोग्राफी ठेव, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. ती कुठे आहे हे नवऱ्याला आणि सासूबाईंना दोघांनाही माहीत असू दे. मग सोमवारी अंगणवाडीत जा आणि पगारी रजा मिळत नसेल तर मातृवंदनेचा अर्ज भर. अडलं तर मला फोन कर, मी येते तुझ्यासोबत.