कर्बाचा कागद नीट वाचा

सिन्नरच्या पूर्वेला आमची जमीन आहे, हलकी आणि कोरडवाहू. बाजरी-मठाला मजूर मिळेनात, म्हणून तिथे करंज, शिवण, आवळा, सीताफळ लावलं. झाडं अंगाला लागली तसे कर्बाचे पैसे मिळवून देणारे बांधावर येऊ लागले. त्यातल्या एकाने मातीचा नवा अहवाल पुढे केला. लागवडीआधी ०.४२ टक्के होतं, आता ०.७२. “काका, जवळपास पावणेदोन पट!”

दोन्ही कागद शेजारी ठेवले. जुन्यात रकाना होता सेंद्रिय कर्बाचा, नव्यात सेंद्रिय पदार्थांचा. कर्बाच्या आकड्याला १.७२४ ने गुणलं की पदार्थांचा आकडा येतो, हा प्रयोगशाळांचा रूढ हिशेब. ०.४२ ला गुणून पाहिलं, तर ०.७२ च! कर्ब तसूभरही वाढला नव्हता. पोरगा लबाड नसावा, त्यालाही कुणी सांगितलं नसेल. पण मी सही केली नाही.

तुमच्याकडे असं कुणी आलं, तर आधी एक ध्यानात घ्या. झाडात कर्ब साठतो तो लाकडात, मुळांत आणि पाल्यात. मातीत फार सावकाश उतरतो. अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या कॅल्हून इथे कापसाच्या जुन्या रानात १९५७ मध्ये पाइन लावले. चाळीस वर्षांनी मोजलं, तर साठलेल्या कर्बापैकी मातीत एक टक्काही नव्हता. उलट सुरुवातीला आकडा घसरूही शकतो. नांगरट केली की मातीत हवा खेळते आणि जुना कर्ब कुजून उडून जातो. पिकाची धसकटं बंद झालेली असतात आणि रोपांचा पाला अजून पडत नसतो. म्हणून सगळं रान उलथू नका, खड्ड्यापुरतंच खणा. मधलं गवत कापून तिथेच पसरा, पेटवू तर मुळीच नका.

जमीन आधी कशाखाली होती, यावरही बरंच अवलंबून असतं. गुओ आणि गिफर्ड यांनी २००२ मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले. पिकाखालच्या जमिनीवर लागवड केली तिथे मातीतला कर्ब सरासरी १८ टक्क्यांनी वाढला होता, कुरणावर केली तिथे १० टक्क्यांनी घटला होता. गवताचं चांगलं रान असेल तर ते मोडू नका. आमच्याकडे कुरणाला सर्रास ‘पडीक’ म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मोजणी लागवडीआधीच करून ठेवा. मागाहून ती होत नाही. खतासाठी माती परीक्षण करताना १५ सेंटीमीटरपर्यंतचा नमुना घेतात आणि झाडाखालची माती टाळतात. इथे तसं चालणार नाही. निदान ३० सेंटीमीटर खोल जा, झाडाखालची आणि दोन ओळींमधली माती वेगवेगळी घ्या, वरचा काडीकचरा बाजूला सारून. ठरावीक मापाची नळी ठोकून मातीची घनता काढून घ्या, कारण भुसभुशीत आणि घट्ट मातीत टक्केवारी सारखी असली तरी टन वेगळे येतात. पुढची मोजणी त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने. चुनखडीच्या रानात एकूण कर्ब मोजला, तर त्यात चुन्यातलाही कर्ब येतो. तो वजा केला का, हे विचारा.

हिशेब करून बघा. घनता १.३ धरली तर हेक्टरी ३० सेंटीमीटर थरात ३,९०० टन माती भरते. कर्ब ०.१ टक्क्याने वाढला म्हणजे ३.९ टन. एवढा फरक आमच्या एकाच शेतात वरच्या आणि खालच्या बांधाला पडतो! एकेका नमुन्यावर वाढ दाखवणाऱ्याचं ऐकून घ्या, पण त्यावर करार करू नका.

आणि बोलणारा टन कशाचे सांगतोय, हेही विचारा: कर्बाचे की कार्बन डायऑक्साइडचे? एक टन कर्ब म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. त्यातला लाकडाचा किती, मातीचा किती, मोजणीचा खर्च कुणाचा आणि वणवा लागला तर पैसे परत मागणार का, हे करारात लिहून घ्या. आमच्याकडच्या मसुद्यात यातलं एकही कलम नव्हतं.