कुत्र्याचा घास फोडणीआधी काढावा

पनवेल-रोहा लोहमार्गावर आपटा आणि हमरापूर या स्थानकांच्या मध्ये जिते हे स्थानक लागते. पेण तालुक्याच्या या भागात भात हे मुख्य पीक आहे. तांदळाची भाकरी, भात, वालाचे बिरडे आणि ओली-सुकी मासळी हा येथील घरोघरचा आहार होय. या आहारातून जे उरते तेच दारच्या कुत्र्याचे अन्न. शहरांतील दुकानांत मिळणारे डबाबंद श्वानखाद्य विकत घेणारी कुटुंबे खेड्यात थोडीच. गावचे कुत्रे पिढ्यान्पिढ्या उरल्यासुरल्या अन्नावर जगत आले आहे आणि पुढेही बहुतांशी तसेच जगणार आहे. म्हणून उरलेले अन्न कुत्र्याला द्यावे की न द्यावे, हा प्रश्न येथे गौण ठरतो. त्या अन्नात नेमके काय असते, हे जाणून घेणे अधिक अगत्याचे आहे.

भात-भाकरीविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. कुत्रा मूळचा मांसाहारी, त्याला धान्य पचत नाही, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना करण्यात आली. पिष्टमय पदार्थ पचविण्यास साहाय्यभूत होणारी जनुके कुत्र्यात लांडग्यापेक्षा अधिक प्रमाणात असल्याचे तीत दिसून आले. मनुष्याने शेती आरंभिली आणि त्याच्या सोबतीने राहणारा हा प्राणी त्याचे धान्यही पचवू लागला. साधा भात, मीठ न घातलेली पेज किंवा भाकरीचा तुकडा कुत्र्याला मानवतो. धोका आहे तो भाकरीवर ओतलेल्या रश्श्यात.

कांदा : सर्वांत जवळचा शत्रू

रायगड जिल्ह्यात कांद्याचे कौतुक विशेष आहे. शेजारच्या अलिबाग तालुक्यातील पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन लाभले असून हंगामात त्याच्या वेण्या रस्त्याच्या कडेला विक्रीस टांगलेल्या दिसतात. हा कांदा चवीला गोडसर आणि कमी तिखट असतो. तथापि तिखटपणा कमी म्हणून तो कुत्र्यास निर्धोक आहे असे मात्र मानता येत नाही. कांदा, लसूण, पातीचा कांदा या सर्व एकाच कुळातील वनस्पती आहेत. त्यांतील गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींवर आघात करतात. पेशींतील हिमोग्लोबिन बिघडते, पेशी फुटू लागतात आणि जनावर पंडुरोगी होते. मनुष्याच्या शरीरावर त्याच घटकांचा असा परिणाम होत नाही. त्यामुळेच आपण रोज खातो ते कुत्र्याला विषासारखे कसे ठरेल, हे सहजासहजी पटत नाही.

एका वेळी शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक कांदा पोटात गेल्यास विषबाधा संभवते, असे पशुवैद्यक मानतात. गावठी कुत्र्याचे वजन १५ किलो धरले तर हे प्रमाण ७५ ग्रॅम होते, म्हणजे मध्यम आकाराचा एक कांदा. कोंबडीच्या किंवा मटणाच्या वाटणात याहून किती अधिक कांदा असतो, हे कोणतीही गृहिणी सांगू शकेल. कांदा शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने त्याचा दोष जात नाही. वाळवलेल्या कांद्यात व लसणीच्या पुडीत तर तो अधिकच एकवटतो. थोडाथोडा कांदा दररोज पोटात जात राहिला तरी हानी साचत जाते.

ही बाधा ओळखणे अवघड असते, कारण ती तत्काळ दिसत नाही. लक्षणे प्रकट होण्यास एक दिवसापासून कित्येक दिवसांपर्यंत अवधी लागतो. मग कुत्रा मलूल होतो, धापा टाकतो, त्याच्या हिरड्या फिकट पडतात आणि लघवी तांबूस किंवा तपकिरी होते. गोचिडांमुळे होणाऱ्या बॅबेसियोसिस या रोगातही लक्षणे बरीचशी अशीच असतात. कोकणात गोचिडांना तोटा नाही. साहजिकच संशय प्रथम त्यांच्यावर जातो आणि चार दिवसांपूर्वीच्या जेवणावळीची आठवण कोणालाच राहत नाही. जनावर दवाखान्यात नेताना गेल्या आठवड्यात त्याने काय खाल्ले हे सांगितल्यास पशुवैद्यकाचे काम निम्मे हलके होते.

यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. कुत्र्याचा वाटा फोडणीआधी बाजूला काढावा. वरणाची डाळ शिजली की हिंग-मोहरी-लसूण पडण्यापूर्वी एक पळी, मासळी उकडली तर वाटण लावण्यापूर्वी दोन तुकडे, भाताच्या पातेल्यातून एक मूठ. ही कल्पना आपल्याकडे अगदीच नवी नाही. श्राद्धाच्या दिवशी पंचबळीत गाय आणि कावळा यांच्याबरोबर श्वानाचाही वाटा असतो, आणि त्या स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य असते. रूढीमागचा हेतू धार्मिक होता हे खरे, परंतु त्या दिवशी तरी कुत्र्याच्या पानात पडणारे अन्न त्याला बाधणारे नसे. अर्थात त्याच पानातील खिरीत मनुका नसतील तर!

द्राक्षे, मनुका आणि चिंच

मनुकांचा हा दोष अलीकडेच उमगला आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील पशुवैद्यकांनी द्राक्षे व मनुका खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याची प्रकरणे प्रसिद्ध केली. सर्वच कुत्र्यांना ती बाधत नाहीत. एखादा मूठभर खाऊन सुखरूप राहतो, तर दुसरा थोडक्यात दगावतो, आणि सुरक्षित मात्रा कोणती हे ठरवता येत नाही. आरंभी उलट्या होतात व पुढील एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. याला टार्टारिक आम्ल कारणीभूत असावे, असा निष्कर्ष पुढे मांडला गेला. चिंचेत हेच आम्ल विपुल असते, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांनाही मूत्रपिंडाचा विकार जडल्याची नोंद २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पशुवैद्यकीय निबंधात आहे. आपल्याकडे मासळीच्या आंबटात चिंचेचा कोळ घालतात. तेव्हा कांद्याबरोबर चिंचेसाठीही रश्श्याविषयी सावध राहिले पाहिजे. प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणेही वेचून काढलेले बरे.

चॉकलेटातील थिओब्रोमीन हे द्रव्य कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. वजनाच्या दर किलोमागे सुमारे २० मिलिग्रॅम पोटात गेल्यास अस्वस्थता, उलट्या ही लक्षणे दिसू लागतात. याहून अधिक मात्रेत हृदयाची गती बिघडते व झटके येतात. पाच किलोच्या पिल्लाला दुधाचे चॉकलेट सुमारे ५० ग्रॅम, तर काळे कडू चॉकलेट २० ग्रॅमही पुरेसे होते. चहा-कॉफीची भुकटी व मद्य हेही त्याच पंक्तीतले. साखरविरहित च्युइंगममध्ये व काही दंतमंजनांत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो. त्यामुळे कुत्र्याच्या रक्तातील साखर अर्ध्या तासात धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. मधुमेही मंडळींच्या घरी हा पदार्थ असण्याचा संभव अधिक.

पोपटी, कोय आणि खारी मासळी

हिवाळ्यात रायगडच्या शेतांवर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडीचे तुकडे घालून ते जाळात भाजतात. मेजवानी आटोपल्यावर हाडे तेथेच पडतात आणि रात्री कुत्री ती फस्त करतात. कुत्र्याला हाड द्यावे ही समजूत इतकी रूढ आहे की तीविरुद्ध बोलणे धाडसाचेच. परंतु शिजलेले हाड ठिसूळ होते, त्याच्या अणकुचीदार कपच्या निघतात आणि त्या घशात रुततात किंवा आतडे फाडतात. कोंबडीची पोकळ हाडे याबाबतीत सर्वांत वाईट. मोठ्या मासळीचा काटाही असाच. वैशाखात आंब्याची कोय गिळली जाऊन आतड्यात अडकते. मक्याच्या कणसाचा बुरकुंडाही अडकतो. अशा वेळी शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते आणि तिची सोय तालुक्याच्या ठिकाणी असेलच असे नाही.

सुकट, सुके बोंबील व खारवलेली मासळी यांत मीठ फार असते. पेणचे पापडही, कितीही नामांकित असले तरी, कुत्र्याच्या उपयोगाचे नाहीत. सुकी मासळी द्यायचीच तर ती भिजत घालून, पाणी दोनदा बदलून, मीठ न घालता उकडावी आणि काटे काढावेत. लग्नसमारंभातील तळलेल्या व तुपकट पदार्थांनी स्वादुपिंडाचा दाह होतो. नामदेवांनी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा सर्वश्रुत आहे. तिच्यातील भूतदया शिरोधार्यच. पशुवैद्यक मात्र ती वाटी चमच्यावर आणील. पत्रावळींच्या ढिगावर दुसऱ्या दिवशी बुरशी धरते, आणि बुरशीच्या विषाने कुत्र्याला कंप सुटून झटके येऊ शकतात.

मग द्यावे काय?

सुमारे १५ किलो वजनाच्या, मध्यम हालचाल करणाऱ्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० कॅलरी लागतात. शिजवलेला भात ३०० ग्रॅम, उकडलेली काटेविरहित मासळी किंवा हाडे काढलेली कोंबडी १५० ग्रॅम, एक उकडलेले अंडे, थोडा लाल भोपळा किंवा गाजर, चमचाभर तेल आणि अर्धी भाकरी एवढ्यात ही गरज बहुतांशी भागते. हे अन्न दोन वेळांत विभागून द्यावे. पिल्लांना तीन-चार वेळा थोडेथोडे द्यावे. मांसाहार न करणाऱ्या घरात शिजवलेली साधी डाळ व अंडे यांवर भर देता येतो. भात-मांसाच्या आहारात कॅल्शियम कमी पडते. अंड्याच्या कवचाची बारीक पूड त्यासाठी वापरता येते, पण मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी, विशेषतः वाढत्या पिल्लांसाठी. दूध अनेक प्रौढ कुत्र्यांना पचत नाही व जुलाब होतात. ताकाचे पाणी अथवा थोडे दही त्यापेक्षा बरे. स्वच्छ पाण्याचे भांडे मात्र बारमाही हवे.

बाधक पदार्थ खाल्ल्याचे लक्षात येताच वेळ न दवडता पशुवैद्यकाशी संपर्क साधावा. पोटातील पदार्थ ओकवून काढण्याचा उपाय साधारणपणे पहिल्या दोन तासांतच उपयोगी पडतो आणि तो पशुवैद्यकानेच करावयाचा असतो. घरी मिठाचे पाणी पाजण्याचा जुना प्रघात घातक आहे. त्यातील मिठाचीच बाधा होऊन जनावर दगावू शकते. खाल्लेल्या पदार्थाचे वेष्टन सोबत न्यावे. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे.

पंचायत आणि शाळा यांचा संबंध

एक बाब कुत्र्यापुरती मर्यादित नाही. बकरे कापल्यावर त्याची आतडी, यकृत, फुप्फुसे कच्चीच कुत्र्यांपुढे टाकण्याची पद्धत गावोगावी आहे. या अवयवांतील गाठींतून एक बारीक फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात शिरतो. त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि मळक्या हातांनी किंवा न धुतलेल्या भाजीवाटे माणसाच्या पोटात जातात. माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात मग वर्षानुवर्षे वाढणारी पाण्याची गाठ तयार होते. तिला हायडॅटिड गाठ म्हणतात. कापलेल्या जनावराचे टाकाऊ अवयव पुरले किंवा चांगले उकळले तर ही साखळी तुटते. एकेकाळी कुत्र्यांतील या कृमींसाठी सुपारीतील अरेकोलीन वापरीत असत. आता प्राझिक्वांटेल हे अधिक सुरक्षित औषध मिळत असल्याने सुपारीचे प्रयोग घरी करू नयेत.

खाद्य कोठे घालावे, यालाही आता नियमांचे बंधन आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मध्ये, खाद्य देण्याच्या जागा मुलांच्या खेळण्याच्या जागा व प्रवेशद्वारे यांपासून दूर असाव्यात आणि वेळाही मुलांची व वृद्धांची वर्दळ पाहून ठरवाव्यात, अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर वाटेल तेथे खाद्य घालण्यास मनाई करून शहरांत प्रभागनिहाय जागा निश्चित करण्यास सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारात भटक्या कुत्र्यांना अटकाव करण्याचे निर्देश दिले. शाळेत पोषण आहाराची खिचडी उरते आणि ती बहुधा फाटकापाशीच कुत्र्यांपुढे रिकामी केली जाते. त्या खिचडीत कांदा, लसूण आणि मीठ असते, आणि रोज त्या वेळी फाटकापाशी कुत्र्यांची वाट पाहणारी टोळी जमते, नेमकी मुले बाहेर पडण्याच्या सुमारास. उरलेल्या खिचडीसाठी शाळेच्या मागील बाजूस झाकणाचा खड्डा करणे आणि कुत्र्यांसाठी द्यायचाच असेल तर फोडणीआधीचा साधा भात गावाने ठरविलेल्या जागी नेऊन ठेवणे, एवढे काम शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत यांना एका बैठकीत ठरविता येण्याजोगे आहे.