जहाजावरचा खाऊ आणि बर्फाची बाटली

समजा, तुम्ही लहान भावंडांबरोबर मुंबईहून गोव्याला जहाजाने निघाला आहात. पिशवीत दूध, सरबत आणि फळांच्या फोडी आहेत. दिवसभर त्या थंड कशा ठेवाल?

बाटलीला ओले फडके गुंडाळण्याची युक्ती नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालते. समुद्रावरची हवा दमट असल्याने तेथे बाष्पीभवन मंदावते व बाटली फारशी थंड होत नाही. म्हणून बर्फच हवा.

किती? 1 लिटर सरबत 30° से. वरून 10° से. वर आणण्यासाठी सुमारे 20,000 कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. 0° से. चे 1 ग्रॅम पाणी 10° से. पर्यंत तापताना फक्त 10 कॅलरी घेते. म्हणजे असे पाणी 2 किलोग्रॅम लागेल! परंतु 0° से. चा 1 ग्रॅम बर्फ नुसता वितळतानाच 80 कॅलरी घेतो. यालाच बर्फाचा अप्रकट उष्मा म्हणतात. पुढच्या 10 कॅलरी धरून एकूण 90. तेव्हा सुमारे 222 ग्रॅम बर्फ पुरतो.

प्रत्यक्षात बाहेरची उष्णताही आत शिरते, म्हणून बर्फ जास्त घ्यावा व डबा उष्णतारोधक असावा. दूध बर्फाला चिकटून ठेवावे. 5° ते 60° से. या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. बर्फ संपून दोन तासांहून अधिक वेळ गेलेले दूध मुलांना देऊ नये.

बर्फ पिण्याच्या पाण्याचाच, बाटलीतच गोठवलेला असावा. वितळला की पाणी पिता येते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, ते पिऊन तहान वाढतेच.

आता सांगा : गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे 9 टक्के वाढते. मग 1 लिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त किती पाणी भराल?